वाटेत थांबलेली दुचाकी

आषाढातील एखाद्या सायंकाळी कसारा घाटाच्या चढणीवर एक दुचाकी बंद पडते. गाडीवर पती-पत्नी असतात. पाऊस पडत असतो, धुके उतरू लागलेले असते आणि मागून मालमोटारींची रांग चढत असते. गाडीचालक खाली उतरतो, गाडी जागच्या जागी उभी करतो आणि वाकून यंत्रात डोकावू लागतो. त्याचे सारे लक्ष बंद पडलेल्या यंत्राकडे असते. खरा धोका मात्र त्याच्या पाठीमागून येत असतो.

गाडी बंद पडणे हा अपघात नव्हे. ती एक गैरसोय आहे. परंतु त्या क्षणी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि मदत कोणाकडे मागावी याची माहिती नसली, तर या गैरसोयीचे रूपांतर अपघातात व्हावयास वेळ लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हे सर्व मृत्यू गाड्या बंद पडल्यामुळे झाले, असा याचा अर्थ नाही. परंतु रस्त्यावर सर्वांत उघडा आणि सर्वांत असुरक्षित कोण असतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. असा माणूस चालती गाडी सोडून रस्त्याच्या कडेला उभा राहतो, तेव्हा तो अधिकच असुरक्षित होतो. म्हणून दुचाकीच्या वाटेतील मदतीचा विचार ही केवळ हौशी प्रवाशांची बाब न राहता सार्वजनिक सुरक्षिततेची बाब ठरते.

दुचाकी आणि महाराष्ट्र

दुचाकीचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी ‘चेतक’ स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी ‘लूना’ आली. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. पुढे १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे दुचाकींचा मोठा कारखाना उभा राहिला. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, छोटे व्यापारी आणि सुशिक्षित शेतकरी यांच्या हाती स्वतःचे वाहन आले ते या काळात.

त्या काळातील स्कूटरला ‘स्टेपनी’ म्हणजे जादा चाक असे. डिकीत प्लग काढण्याचा पाना, एखादा जादा प्लग आणि घासकागदाचा तुकडा हमखास सापडे. गाडी सुरू होईना की मालक तिला एका अंगावर कलती करी, प्लग काढून घाशी आणि पुन्हा किक मारी. दोन फटक्यांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेल जळत असल्याने प्लगवर काजळी धरणे ही नित्याची गोष्ट होती, आणि म्हणून तिचा उपायही घरोघरी ठाऊक होता. थोडक्यात, गाडी वारंवार बंद पडे. परंतु ती चालू करण्याचे ज्ञान गाडीच्या मालकाजवळच असे.

आज चित्र उलटे झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यांच्या पूर्ततेसाठी बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखालील इंधनपुरवठ्याने घेतली. गाड्या पूर्वीपेक्षा पुष्कळ विश्वासार्ह झाल्या. त्या क्वचितच बंद पडतात. परंतु अनेक गाड्यांतून किक गेली, स्कूटरची स्टेपनी गेली, आणि त्यांच्याबरोबर मालकाचे ज्ञानही गेले. गाडी जितकी क्वचित बंद पडते, तितका तिचा मालक त्या प्रसंगी अधिक असहाय होतो. ही उणीव माहितीने आणि संघटित मदतीने भरून काढली पाहिजे.

संघटित मदतीची परंपरा

वाटेत अडकलेल्या वाहनचालकास मदत मिळावी यासाठी संस्था उभाराव्यात ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील आजची प्रचंड मोटारसंस्था ‘आडाक’ हिचा जन्म १९०३ मध्ये स्टुटगार्ट येथे झाला तो मोटारसायकलस्वारांची संघटना म्हणूनच. १९२८ मध्ये तिने रस्त्यावरील गस्त सुरू केली, तेव्हा तिचे मदतनीस साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींवरून फिरत असत. इंग्लंडमध्ये १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे गस्तवाले आरंभी सायकलींवर असत. पुढे तेही हत्यारांची पेटी घेऊन मोटारसायकलींवर आले. आपल्याकडे मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. अडकलेल्यास मदत करणे हा केवळ एखाद्या सज्जनाच्या औदार्याचा प्रश्न नाही. त्यासाठी व्यवस्था लागते: कोणीतरी फिरत असावे लागते, त्याला बोलावण्याचे साधन असावे लागते आणि त्याच्याजवळ हत्यारे असावी लागतात.

आपल्या राज्यात अशी व्यवस्था कोठे एकवटली आहे हे पाहिले, तर दुचाकीस्वाराची विशेष अडचण उघड होते. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या दोन्ही मार्गांवर गस्त, क्रेन आणि रुग्णवाहिका यांची सोय आहे. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव या दोन्ही मार्गांवर दुचाकींना प्रवेश नाही, आणि वेगवान वाहतुकीचा विचार करता ते योग्यच आहे. याचा अर्थ असा की, दुचाकीस्वाराचा प्रवास जुन्या महामार्गांवरून, राज्यमार्गांवरून, घाटांतून आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरून होतो. जेथे यंत्रसज्ज मदत सर्वांत जवळ असते तेथे तो नसतो. जेथे तो असतो तेथे मदत शोधावी लागते. म्हणूनच चारचाकीच्या मालकापेक्षा त्याने अधिक तयारीनिशी निघणे आवश्यक आहे.

प्रथम जागा, मग यंत्र

गाडी अडखळू लागताच पहिला विचार यंत्राचा न करता जागेचा करावा. गती पूर्ण संपण्यापूर्वीच डावीकडचा दिवा लावून, मागे पाहून, गाडी डाव्या कडेला न्यावी. उरलेली गती हे या क्षणी मोठे भांडवल असते. इंजिन चालू करण्याच्या खटपटीत ते वाया घालवू नये. डांबरी रस्ता सोडून कडेच्या मातीच्या पट्टीवर, शक्य तर त्याही पलीकडे, गाडी न्यावी. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबू नये, कारण तेथे मागून येणाऱ्यास गाडी अखेरच्या क्षणी दिसते. अशा जागी गाडी बंद पडलीच, तर ती ढकलत सरळ रस्त्यापर्यंत न्यावी. घाटात दरडीच्या पायथ्याशी थांबणेही पावसाळ्यात धोक्याचे असते.

दुचाकीजवळ चारचाकीप्रमाणे इशाऱ्याचा त्रिकोण सहसा नसतो. तिचा मागचा दिवाही लहान असतो, आणि बॅटरी गेली असेल तर तोही लागत नाही. म्हणून गाडीचे चारही इशारादिवे एकत्र लागण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास डावा इशारादिवा चालू ठेवावा. मागील बाजूची लाल परावर्तक पट्टी चिखलाने माखली असेल तर पुसून घ्यावी. हिरव्या डहाळ्या रस्त्यावर टाकण्याची आपल्याकडील जुनी पद्धत दिवसा उपयोगी पडते. परंतु त्यासाठी दगड ठेवू नयेत. आपण गेल्यावर ते दगड तसेच राहतात आणि रात्री दुसऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेतात.

सोबत असलेल्या व्यक्तीने गाडीजवळ न थांबता रस्त्यापासून दूर, शक्य तर संरक्षक कठड्याच्या पलीकडच्या सपाट जागेवर उभे राहावे. शिरस्त्राण डोक्यावरच ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्याने वाहतुकीकडे पाठ करून बसू नये. गाडीच्या डाव्या अंगास, म्हणजे रस्त्याच्या विरुद्ध बाजूस बसून काम करावे. हातदिव्याचा प्रकाश समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर न पाडता जमिनीकडे ठेवावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ अन्वये इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडण्यास मनाई आहे. तेव्हा गाडी रस्त्यातून बाजूला घेणे हे शहाणपण तर आहेच, पण कर्तव्यही आहे.

दोष शोधण्याचा क्रम

गाडी सुरक्षित जागी आल्यावर दोष शोधावा. तो अंदाजाने न शोधता क्रमाने शोधावा. इंजिनास तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. आजच्या गाडीत यांबरोबर चौथी गोष्ट येते. ती म्हणजे सुरक्षेसाठी बसविलेल्या बटणांची अनुमती.

आरंभ या चौथ्या गोष्टीपासून करावा. हँडलवरील लाल रंगाचे इंजिन बंद करण्याचे बटण हाताच्या धक्क्याने दाबले गेले नाही ना, हे पाहावे. अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. स्टँड चिखलाने अर्धवट अडकला तरी हाच परिणाम होतो. स्कूटरचा ब्रेक दाबल्याखेरीज बटणाने इंजिन फिरत नाही. मोटारसायकल न्यूट्रलमध्ये नसेल तर क्लच दाबावा लागतो. या साध्या गोष्टी पाहिल्यावाचून मिस्त्रीस बोलावू नये.

दुसरी तपासणी इंधनाची. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीचे झाकण उघडून पाहावे. जुन्या गाडीत इंधनाची तोटी ‘रिझर्व्ह’वर वळवावी. गाडी काही अंतर चालून बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते, अशी तक्रार असेल तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असण्याचा संभव असतो. झाकण उघडताच हवा आत गेल्याचा आवाज येतो आणि गाडी सुरू होते. टाकी उघडी असताना ओढलेली एक विडी सर्वनाशास पुरेशी होते, हे सांगावयास नको.

तिसरी तपासणी विजेची. चावी फिरवून हॉर्न वाजवावा. हॉर्न क्षीण वाजला आणि बटण दाबताच दिवा मंद झाला, तर बॅटरी उतरली आहे. किक असेल तर ती मारावी. किक नसलेली मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू करता येते. मात्र आधुनिक इंधनप्रणालीच्या गाडीत बॅटरी पूर्णपणे निकामी झाली असेल, तर हा उपाय चालत नाही. गिअर नसलेली स्कूटर ढकलून कधीच सुरू होत नाही. तिच्या मागे धावून दमछाक करून घेऊ नये. हॉर्न आणि दिवे यांपैकी काहीच चालत नसेल, तर बॅटरीची जोडणी सैल झाली आहे काय आणि फ्यूज जळला आहे काय, हे पाहावे. फ्यूजच्या पेटीत बहुधा एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तार घालू नये. त्यामुळे संपूर्ण वायरिंग जळू शकते.

इंधन आहे, वीज आहे आणि तरीही गाडी सुरू होत नाही, तर प्लगची टोपी घट्ट बसली आहे काय व तिच्यात पाणी शिरले आहे काय, हे पाहून ती कोरडी करावी. लांबच्या चढणीवर इंजिन अतिशय तापले असल्यास वीस मिनिटे थांबावे. याही पलीकडचा दोष असेल, विशेषतः इंजिनाचे चिन्ह असलेला पिवळा दिवा सतत लागत असेल, तर रस्त्यावर खोलाखोल न करता मदत मागवावी. दोष कोठे थांबवायचा हे समजणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

पंक्चर, साखळी आणि केबल

वाटेत गाडी अडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पंक्चर. ट्यूब असलेल्या टायरमधून हवा झपाट्याने जाते आणि गाडी डोलू लागते. अशा वेळी जोराने ब्रेक लावू नये. हँडल घट्ट धरून, गती हळूहळू कमी करीत थांबावे. पूर्ण बसलेल्या टायरवर गाडी चालविल्यास ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते आणि मग ठिगळाने काम भागत नाही. ट्यूबविरहित टायरमधून हवा हळू जाते. त्यात रुतलेला खिळा तेथल्या तेथे उपटून काढू नये. खिळा छिद्र बुजवून असतो. हवा भरून, सावकाश, जवळच्या पंक्चरवाल्याकडे जावे. लांबच्या प्रवासात रबरी पट्ट्या, त्या आत घालण्याचे सुयासारखे हत्यार आणि हातपंप जवळ असल्यास हे काम दहा मिनिटांत स्वतःस करता येते. टायरच्या बाजूच्या भिंतीला छिद्र पडले असेल तर मात्र अशी दुरुस्ती सुरक्षित नसते. टायरच बदलावा लागतो.

मोटारसायकलची साखळी सैल राहिली तर ती दातऱ्या चाकावरून उतरते. कधी कधी ती गुंतून मागचे चाकच जाम होते. वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत साखळीचा योग्य ढिलेपणा दिलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. पावसात साखळीवरचे वंगण धुऊन जाते, म्हणून ओल्या प्रवासानंतर ती पुसून तिला पुन्हा वंगण द्यावे. क्लचची केबल एकाएकी तुटत नाही. तिचे एकेक सूत आधी उसवते आणि क्लच जड लागू लागतो. दूरच्या प्रवासास निघणारे अनुभवी स्वार नवी केबल जुन्या केबलला समांतर बांधून ठेवतात. जुनी तुटताच नवी जोडण्यास मग पाच-दहा मिनिटे पुरतात.

पावसाळा आणि पाणी

ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर दुचाकी त्यात घालू नये, हा पहिला नियम. तरीही गाडी पाण्यात बुडून बंद पडली, तर ती बाहेर काढून पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर पाणी दाबले जात नसल्याने बटण दाबताच इंजिनातील दांडा वाकतो. शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचा खर्च मग हजारोंवर जातो. अशी गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालूनच कार्यशाळेत न्यावी.

घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये उतरवावी. गिअर नसलेल्या स्कूटरवर इंजिनाचा अवरोध कमी मिळतो, म्हणून गती आरंभापासूनच कमी ठेवावी आणि ब्रेकमधून जळका वास येऊ लागल्यास थांबून ते निवू द्यावेत.

विजेवर चालणारी दुचाकी

गेल्या काही वर्षांत विजेवरील स्कूटरी रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. पेट्रोल संपलेल्या गाडीस कोणी पेट्रोल आणून देऊ शकतो. विजेच्या गाडीस तसा उपाय नसतो. म्हणून चार्ज निम्म्यावर येताच परतीचा हिशेब करावा. चढ, जोडीला बसलेला माणूस आणि वेग यांमुळे एका चार्जमध्ये होणारे अंतर घटते, हे ध्यानात ठेवावे. बंद पडलेली विजेची गाडी चाक जमिनीवर ठेवून दोराने ओढत नेऊ नये. मोटर फिरत राहिल्याने तिच्यात वीज निर्माण होते आणि नियंत्रक यंत्रणा बिघडू शकते. ती उचलूनच न्यावी. बॅटरीच्या पेटीतून धूर, शिटीसारखा आवाज किंवा उग्र वास येऊ लागल्यास गाडीपासून दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

मदत कोणाकडे मागावी

मदतीचे तीन क्रमांक प्रत्येक दुचाकीस्वाराने पाठ केले पाहिजेत. ११२ हा आपत्कालीन मदतीचा एकच राष्ट्रीय क्रमांक होय. असुरक्षित वाटत असेल, रात्रीची वेळ असेल किंवा गाडी वाहतुकीस धोका निर्माण करीत असेल, तर येथे कळवावे. एकट्या प्रवास करणाऱ्या भगिनींनी संकोच न करता या क्रमांकाचा उपयोग करावा. गाडी बंद पडणे हे क्षुल्लक कारण आहे असे मानू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असून महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीचा क्रमांक होय. अपघात, रस्त्यात अडकलेले वाहन, गस्तीच्या गाडीची किंवा क्रेनची आवश्यकता यांसाठी तो दिवसरात्र उपलब्ध असतो. राज्यमार्ग व जिल्हामार्ग त्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथे ११२ चाच आधार घ्यावा. कोकणात गणेशोत्सवास जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी अलीकडच्या वर्षांत मुंबई-गोवा महामार्गावर सुविधा केंद्रेही उभारली जात आहेत.

दूरध्वनी लागला तरी पुष्कळदा अडचण येते ती जागा सांगण्याची. ‘घाटात आहे’ एवढ्यावरून गस्तीची गाडी पोहोचू शकत नाही. यासाठी मैलाच्या दगडाची भाषा शिकून ठेवावी. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, तर हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा असतो. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर लहान दगड असतात. रस्त्याचा क्रमांक, किलोमीटरचा आकडा, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात आहोत ती दिशा आणि जवळची एखादी खूण, या चार गोष्टी सांगितल्या म्हणजे जागा निश्चित होते. महामार्गांचे क्रमांक बदलले असल्याने गावांची नावे अवश्य सांगावीत. एके काळचा १७ क्रमांकाचा मुंबई-गोवा मार्ग आज ६६ क्रमांकाचा आहे, आणि जुने लोक अद्याप त्यास जुन्याच क्रमांकाने ओळखतात.

वाहन उत्पादक आणि विमा कंपन्या वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन वाटेतील मदतीची योजना देतात. केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्यात ही मदत अंतर्भूत नसते. ती वेगळी घ्यावी लागते. घेताना चार प्रश्न विचारावेत: शहरापासून किती अंतरापर्यंत मदत येईल, वर्षातून किती वेळा येईल, गाडी किती किलोमीटरपर्यंत विनामूल्य नेली जाईल, आणि सुट्या भागांचा व इंधनाचा खर्च कोणाचा? विशेषतः पहिला प्रश्न ग्रामीण भागातील वाचकांनी विसरू नये. शहरात पंक्चरवाला कोपऱ्यावर असतो. योजनेची खरी गरज भासते ती शहर मागे पडल्यावर.

मदत करणाऱ्याची भीती

रस्त्यात अडकलेल्यास सर्वांत आधी भेटतो तो वाटसरू. आपल्याकडे पाणी देणारा, गाडीला हात लावणारा आणि गावातून मिस्त्री घेऊन येणारा माणूस आजही भेटतो. परंतु तेथे कोणी जखमी झालेले दिसले की हाच माणूस बिचकतो. पोलीस चौकी, जबानी आणि न्यायालयाच्या खेपा यांचे भय त्यास वाटते.

या भयास आता कायद्याचा आधार उरलेला नाही. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्‌हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न धरता अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही उणीव राहिली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार त्याला आपले नाव किंवा पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे संरक्षण गावोगावी, महामार्गालगतच्या उपाहारगृहांत, पेट्रोल पंपांवर आणि शाळांत सांगितले गेले पाहिजे. कायदा आहे, परंतु तो ठाऊक नसल्याने एखादा हात मागे राहिला, तर तो कायदा त्या जखमीपुरता नसल्यासारखाच होय.

मदत करणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. बंद दुचाकीस शेजारच्या चालत्या दुचाकीवरून पायाने रेटत नेण्याची प्रथा सर्वत्र दिसते. दोन्ही स्वारांचा तोल एका पायावर अवलंबून राहत असल्याने महामार्गावर हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे. त्यापेक्षा गाडी गावातल्या एखाद्याच्या अंगणात ठेवून माणसास पुढे नेणे अधिक चांगले. प्लास्टिकच्या बाटलीतून पेट्रोल आणणेही टाळावे. त्यासाठी धातूचा बंद डबा योग्य.

रस्त्याकाठचा कारागीर

या साखळीतील अखेरचा, पण सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे रस्त्याकाठचा कारागीर. झाडाला टांगलेला जुना टायर हीच त्याची पाटी. हवेचा पंप, पाण्याची घमेली आणि दोन-चार पाने एवढ्या भांडवलावर तो हजारो प्रवाशांना मार्गी लावतो. परंतु गाडी बदलली आणि त्याचे शिक्षण मात्र जुन्याच गाडीवर झाले. इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली, ब्रेकची नवी यंत्रणा आणि विजेची मोटर यांपुढे त्याचा अनुभव अपुरा पडू लागला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यंत्रशाळांत अशा कारागिरांसाठी सायंकाळचे अल्पमुदतीचे वर्ग निघाले, तर दुहेरी हित साधेल. कारागिराचा धंदा टिकेल, आणि घाटात अडकलेल्या प्रवाशास दोन-चार किलोमीटरवर जाणता हात मिळेल. मोठी यंत्रणा जेथे पोहोचत नाही तेथे हा लहान कारागीर आधीच बसलेला आहे. त्यास सज्ज करणे हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होय.

निघण्यापूर्वी

मदतीची साखळी घरापासूनच सुरू होते. प्रवासास निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. ब्रेक, दिवे, साखळी आणि इंजिनातील तेल पाहावे. सोबत प्लग पाना, पक्कड, पेचकस, जादा फ्यूज, पंक्चरचे साहित्य, हातदिवा, थोडी दोरी, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला भ्रमणध्वनी असावा. एका कागदावर आपला रक्तगट, घरचा क्रमांक व मदतीचे तीन क्रमांक लिहून खिशात ठेवावेत. भ्रमणध्वनीही बंद पडू शकतो. कोणत्या मार्गाने जाणार व केव्हा पोहोचणार, हे घरी सांगून निघावे.

एवढे केले म्हणजे गाडी कधीच बंद पडणार नाही असे नाही. परंतु कसाऱ्याच्या चढणीवर ती बंद पडली, तर तो गृहस्थ यंत्रात डोकावण्यापूर्वी मागे वळून पाहील, पत्नीस कठड्याच्या आड उभे करील, गाडी मातीच्या पट्टीवर घेईल, लाल बटण तपासील आणि गरज पडल्यास किलोमीटरच्या दगडाचा आकडा वाचून मदत मागवील. घरी पोहोचण्यास त्यांना उशीर होईल, पण दोघेही घरी पोहोचतील.